कात्रजहून लाटेच्या शोधात

पुण्याच्या दक्षिणेस सह्याद्रीची एक डोंगररांग आडवी येते आणि तिच्या पायथ्याशी कात्रज वसले आहे. येथील तलाव नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५० च्या सुमारास बांधून घेतला. त्याचे पाणी जमिनीखालील दगडी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले. आज त्या तलावाशेजारी प्राणिसंग्रहालय आहे, डोंगरउतारावर मंदिरे आहेत आणि चौकात कोल्हापूर, कोकण व गोव्याकडे जाणाऱ्या बसगाड्या प्रवाशांची वाट पाहत उभ्या असतात. पुणेकर कात्रजला गावाची वेस मानतो. बोगदा ओलांडला की प्रवास सुरू झाला, अशी येथील जुनी समजूत आहे.

नकाशा उघडून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. कात्रजपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही कात्रजच्या डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब त्या समुद्राला कधीच मिळत नाही. तो आंबील ओढ्याने मुठेत, मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातो आणि हजाराहून अधिक किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. जवळचा समुद्र डोंगराच्या पाठीमागे राहतो. येथील माणसांचेही काहीसे तसेच आहे. व्यापाराची नजर मार्केट यार्ड, सोलापूर, हैदराबाद, बंगळूर अशी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे. समुद्र म्हणजे वर्षातून एकदा गणपतीपुळ्याची सहल.

याच परिसरातील एका व्यापारी कुटुंबातील सत्तावीस वर्षांचा तरुण गेल्या काही वर्षांत समुद्राच्या नादी लागला. एका हिवाळ्यात गोव्यातील अश्वे येथे त्याने सर्फिंगचे, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचे, प्राथमिक धडे घेतले. पुढच्या वर्षी नऊ फूट लांबीची एक जुनी फळी विकत आणली. ती दुकानाच्या पोटमाळ्यावर मालाच्या खोक्यांशेजारी पडून असे. पितृपंधरवडा आला, गिऱ्हाईक नव्या खरेदीला हात लावेनासे झाले आणि घटस्थापनेपर्यंत दुकानात एक माणूस कमी असला तरी चालण्यासारखे होते, तेव्हा त्याने आठ दिवसांची रजा मागितली. जायचे एकट्याने, घरच्या मोटारीने, गुहागरपासून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने; आणि जिथे लाट चांगली असेल तिथे थांबायचे.

घरात चर्चा झाली. आईला एकटेपणाची काळजी, वडिलांना पाण्याची. ती काळजी अनाठायी नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले, ही घटना पुण्यातील पालक विसरलेले नाहीत. तो पावसाळाही नव्हता. अखेर वडिलांनी दोन अटी घातल्या. रोज सूर्यास्तापूर्वी घरी फोन करायचा आणि जिथे गावचा माणूस पाण्यात उतरत नाही तिथे आपण उतरायचे नाही.

घाट आणि पाणी

भाद्रपद वद्य द्वितीयेला पहाटे टपावर फळी बांधून गाडी कात्रजहून निघाली. टोलनाक्यावर एकाने विचारले, ‘‘होडी आहे का हो?’’ वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद असतो, म्हणून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर असा मार्ग धरला होता. हा मार्ग लांबचा खरा. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर फार उद्बोधक आहे. कोयना ही मुळात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळणारी नदी. धरण बांधून तिचे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडले आणि त्यावर वीज निर्माण केली. वीज झाल्यावर ते पाणी वाशिष्ठी नदीला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. कुंभार्ली घाट उतरताना प्रवासी या वळवलेल्या पाण्याच्या सोबतीनेच खाली येतो.

घाट संपला की चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या महापुरात येथील बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पुण्याहून माल घेणाऱ्या कितीतरी दुकानदारांचा साठा त्या एका दिवसात नाहीसा झाला. तरुणाच्या वडिलांचे एक जुने गिऱ्हाईक येथे आहे. चहा झाल्यावर त्या गृहस्थांनी भिंतीवर छातीच्याही वर हात ठेवून पाणी कुठवर आले होते ते दाखवले. मग टपाकडे पाहून म्हणाले, ‘‘आम्ही पाण्यापासून माल वर उचलतो, आणि तू पाण्यात जायला निघालास. जपून जा हो.’’ संध्याकाळी गाडी गुहागरला पोहोचली. कात्रजपासून अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर झाले होते.

लाट कोठून येते

गुहागरचा किनारा लांब, सरळ आणि सुरूच्या बनांनी मढलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण वाळूत बसून पाहत राहिला. लाटा मोठ्या होत्या. परंतु प्रत्येक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेळी कोसळत होती. अशी लाट सर्फिंगच्या कामाची नाही. फळीवरील माणसाला हवी असते ती एका बाजूने फुटत फुटत पुढे सरकणारी लाट. तिच्या न फुटलेल्या उतारावरून त्याला तिरके धावता येते. समुद्राच्या तळाशी वाळूचा उंचवटा, खडक किंवा नदीच्या मुखाशी साचलेला बांध असेल तर लाट अशी क्रमाने फुटते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट तोल सोडते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून लाट शोधणे म्हणजे पाण्याखालील जमिनीचा अंदाज घेणे होय.

लाटेचे पाणी दुरून येत नाही. दुरून येते ती हालचाल. पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो आणि हेलकावा तेवढा पुढे सरकतो. पावसाळ्याच्या अखेरीस कोकणच्या किनाऱ्यावर दोन प्रकारच्या लाटा येतात. एक, जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, आखूड आणि विस्कळीत. दुसऱ्या, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांनी उठवलेल्या, लांब पल्ल्याच्या आणि एका ओळीत येणाऱ्या. एका लाटेपासून दुसरीपर्यंत १४ सेकंद जात असतील तर असा लाटांचा तांडा ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने चालतो. सहा-सात हजार किलोमीटरचे अंतर काटायला त्याला आठवडा लागतो. गुहागरच्या वाळूवर त्या सकाळी फुटलेली लाट बहुधा तरुणाने घरी रजा मागितली त्याच सुमारास निघाली असावी. आणि किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याच्या मोटारीची सरासरी गतीही तिच्याहून फारशी अधिक नव्हती.

मग महाराष्ट्राचा किनारा सर्फिंगसाठी प्रसिद्ध का नाही? याचे एक कारण समुद्राच्या तळाशी आहे. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तेथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटरच. लांब लाटेला तळ फार आधी लागतो आणि एवढी उथळ वाट चालताना तिची ताकद घासून जाते. दक्षिणेकडे ही समुद्रबूड जमीन अरुंद होत जाते. गोव्यासमोर ती शंभर किलोमीटरच्या आसपास उरते. कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास भारतातील पहिल्या सर्फिंग मंडळांपैकी एक सुरू झाले. तेथून पुढे या खेळाचे लोण गोवा, केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पसरले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले. दक्षिणेकडे जाण्याचा बेत त्यामुळे योग्यच होता.

दुपारी तो हेदवीला गेला. येथे खडकात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट तीत शिरते, कोंडली जाते आणि पाण्याचा स्तंभ गर्जना करीत उंच उडतो. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. गणित ढोबळ असले तरी उपयोगी पडते. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळण्यासाठी पंचांग रोज उघडले जाते, त्या घरांना ही रीत लगेच लक्षात राहील. वडिलांनी फोनवर ती ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच वेळ काढून मुलाला सांगू लागले.

आरे-वारेची दुपार

तवसाळला गाडीसकट फेरीबोटीत चढले की शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड येते. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग ही बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळापासूनची कल्पना. पण सगळ्या खाड्यांवर पूल अद्याप झालेले नाहीत, आणि एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने ते बरेच आहे. फेरीबोटीच्या दहा-पंधरा मिनिटांत गावचे लोक भेटतात, बोलतात, पुढची वाट आणि पुढचा समुद्र कसा आहे ते सांगतात. जयगडहून केशवसुतांचे मालगुंड, मग गणपतीपुळे. येथे किनाऱ्यावर धोक्याच्या सूचना ठळक अक्षरांत लावलेल्या आहेत. पाणी पाहता पाहता खोल होते. तो दर्शन घेऊन पुढे निघाला.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आरे-वारे येथे समुद्रावर आलेल्या टेकडीला वळसा घालतो. टेकडीवरून दोन्ही किनारे दिसतात. त्या दुपारी पाऊस उघडला होता, वारा पडला होता आणि लाटा अगदी ओळीने येत होत्या. एका ठिकाणी त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने फुटत होत्या. गुहागरपासून जी लाट शोधायची होती, ती हीच. किनाऱ्यावर पाण्यात एकही माणूस नव्हता. तरुणाने गाडी खाली घेतली, फळीच्या दोऱ्या सोडल्या आणि फळी वाळूवर आणून ठेवली.

ओढ्याच्या मुखाशी एक वृद्ध कोळी जाळे दुरुस्त करीत बसला होता. त्याने मान वर केली.

‘‘काय रे बाबा, कुठं?’’

‘‘काका, जरा लाटांवर जाऊन येतो.’’

‘‘आम्ही आज होडी काढली नाही, आणि तू फळी घेऊन कुठं चाललास?’’

मग त्याने हात लांब करून दाखवले. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध पाण्याचा एक पट्टा होता. तेथे लाट फुटत नव्हती, फेस नव्हता, पाणी गुळगुळीत आणि किंचित गढूळ दिसत होते. अजाण माणसाला तीच जागा सर्वांत शांत वाटेल. ‘‘तिथं ओढ आहे. आत नेते,’’ म्हातारा म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

ही ओढ म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाण्याची वाट. भरपूर पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत फिरते, आणि त्याचा वेग पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. बुडणारी माणसे बहुतेक वेळा त्या ओढीशी झगडून, सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करून दमतात. अशा वेळी झगडू नये; तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हावे, असे शिकवले जाते. तरुणाला हे सर्व ठाऊक होते. सरावलेले सर्फिंगवाले याच पट्ट्याचा उपयोग करून विनासायास आत जातात, हेही त्याला ठाऊक होते. परंतु तेथे जीवरक्षक नव्हता, सोबती नव्हता, आणि फळीची पायाला बांधायची दोरी तुटलीच तर हाक ऐकायला तो एक म्हातारा होता.

तो तासभर फळीशेजारी बसून राहिला. लाटा तशाच येत होत्या, एकाहून एक सरस. अखेर त्याने फळी उचलून पुन्हा टपावर बांधली. त्या संध्याकाळी फोनवर त्याने घरी सगळे सांगितले. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जेवणाचे काय केलेस, एवढेच विचारले. जेवणाची अडचण एरवीही फारशी पडली नाही. घरचे खाकरे होते. गुहागरपासून खाली बहुतेक गावांत घरगुती खाणावळींत दिवस मावळण्यापूर्वी सांगून ठेवले तर बिनकांद्याची भाजी, कुळथाचे पिठले, घावन आणि सोलकढी आनंदाने करून मिळते.

दक्षिणेकडे

पुढचे दोन दिवस रस्त्याचे होते. पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक किल्ला आणि एक जुने बंदर. राजापूरच्या खाडीतून गलबते थेट पेठेपर्यंत येत, आणि इंग्रजांनी सतराव्या शतकात तेथे वखार घातली होती. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून या बंदरांत उतरत असे. रस्ते आणि रेल्वे आली, खाड्या गाळाने भरल्या, आणि तो व्यापार मुंबईकडे गेला. कुणकेश्वरला मंदिराच्या पायऱ्यांपाशी समुद्र खवळलेला होता. तेथे तो केवळ पाहून पुढे गेला.

षष्ठीला तारकर्लीत पहिल्यांदा फळी पाण्यात पडली. पावसाळ्यातील बंदी उठून जलक्रीडा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. तेथील एका स्थानिक तरुणाने जागा दाखवली आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. लाटा गुडघ्याएवढ्याच होत्या. तासाभरात तो चार वेळा उभा राहिला आणि बाकी वेळा पडला. त्या गावच्या मुलानेही फळी मागून घेतली, आणि दुसऱ्याच प्रयत्नात तो सरळ किनाऱ्यापर्यंत उभा आला. ज्याचे बालपण होडीत गेले, त्याला तोल शिकवावा लागत नाही.

वेंगुर्ल्यापुढे शिरोडा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह येथे झाला, वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावच्या शाळेत शिक्षक होते. मिठागरे ओलांडून तो रेडीमार्गे तेरेखोलला पोहोचला आणि फेरीबोटीने केरीला, म्हणजे गोव्याच्या मुख्य भागात, उतरला. अष्टमीच्या सकाळी तो अश्व्याच्या किनाऱ्यावर होता. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक असतात. त्यांनी जागा दाखवली, शिकवणारे जुने प्रशिक्षक सोबत होते. भरती ओसरू लागली होती, भांगाचे दिवस असल्याने पाण्याची ओढ सौम्य होती आणि छातीएवढ्या लाटा वाळूच्या उंचवट्यावर क्रमाने फुटत होत्या. त्या सकाळी आणि दुसऱ्या सकाळी मिळून तो पंधरा वेळा उभा राहिला. त्यांतली एक लाट त्याला वीसेक सेकंद घेऊन चालली. आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे तो परतला तेव्हा अकराशे किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला होता आणि पाण्यातला एकूण वेळ चार तासही भरत नव्हता.

जाणाऱ्यांसाठी

ज्या घरांतील मुलेमुली अशा वाटेने जाऊ इच्छितात, त्यांना काही गोष्टी उपयोगी पडतील. शिकण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि गोव्याचा उत्तर किनारा बरा. तेव्हा लाटा लहान आणि स्वच्छ असतात. जून ते सप्टेंबर समुद्र नवशिक्याचा नाही. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी लाटांची उंची आणि धोक्याचे इशारे नियमित देते. ते मोबाईलवर पाहता येतात, ते पाहिल्याखेरीज किनाऱ्याकडे वळू नये. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. अष्टमीच्या सुमारास पाणी त्या मानाने शांत. पहिले धडे प्रशिक्षकाकडेच घ्यावेत. रस्त्यावर एकट्याने जावे, पाण्यात एकट्याने जाऊ नये.

घरच्यांनीही अटी जरूर घालाव्यात. पण त्या पाळता येतील इतक्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. कात्रजच्या त्या तरुणाला दोनच अटी होत्या, म्हणून आरे-वारेच्या वाळूवर त्याला त्या आठवल्या. नऊ फुटांची फळी पुन्हा दुकानाच्या पोटमाळ्यावर गेली आहे. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत दुकानात मान वर करायलाही फुरसत नसते. डिसेंबरात ती पुन्हा खाली उतरेल. या वेळी आरे-वारेला जाताना सोबत एक मित्र असेल, आणि त्या म्हाताऱ्याला आधी विचारायचे ठरले आहे.